हनोईत रस्ता कसा ओलांडावा: कोल्हापूरहून पहिल्यांदा परदेशी निघालेल्या घरासाठी

व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, मुंबईहून हनोईला थेट विमान आहे आणि घड्याळातला फरक फक्त दीड तासाचा. त्यामुळे पहिल्यांदाच परदेशी जायचं ठरवणाऱ्या घरांत हल्ली या देशाचं नाव बरंच निघतं. निघण्याआधी सगळी चौकशी होते ती जेवणाची, पैशांची, थंडी-पावसाची. रस्त्याचं कुणी विचारत नाही. पण विमानतळावरून गाडी गावात शिरली की आजीपासून धाकट्यापर्यंत सगळ्यांना आधी दिसतो तो रस्ताच. आमच्या सासूबाई काच खाली करून कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अगं, एवढी माणसं चाललीत तरी कुठं?"

म्हातारी माणसं आणि लहान मुलं सोबत असतील तर हनोईतल्या रहदारीची तयारी कोल्हापुरातूनच करून जा, असं मी मनापासून सांगेन. आपल्याला वाटतं, नवरात्रात महाद्वार रोडवरून चालतो, पापाची तिकटी रोज ओलांडतो, आपल्याला रहदारीचं काय नवल! नवल आहे. कोल्हापूर शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास होती. हनोईची ८० लाखांवर आहे. व्हिएतनामची लोकसंख्या १० कोटींच्या घरात आणि नोंदलेल्या दुचाकी सुमारे ७ कोटी. म्हणजे लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोडली, तर जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला एक गाडी.

पण आकड्यापेक्षा महत्त्वाची आहे ती सवय. आपण रस्ता ओलांडतो तो थांबून, फट बघून, पळून. गाडी आली तर हात दाखवतो, नाही थांबली तर दोन पावलं मागं येतो. इथं अंगात मुरलेल्या याच गोष्टी तिथं धोक्याच्या ठरतात. त्या कशा सोडायच्या, हे पुढं टप्प्याटप्प्यानं सांगते.

घरातून निघण्याआधी

पहिली तयारी डोक्याची. आपल्याकडे इंग्रजांमुळे वाहनं डावीकडून चालतात, व्हिएतनाममध्ये फ्रेंचांमुळे उजवीकडून. फुटपाथवरून खाली पाय टाकला की सगळ्यात जवळची गाडी तिथं तुमच्या डाव्या हाताकडून येते. आपली मान मात्र आधी उजवीकडे वळते. मुलांना हे एकदा सांगून भागत नाही. आम्ही घरातल्या घरात, हॉलमधून स्वयंपाकघरात जातानासुद्धा "आधी डावीकडे" असं मोठ्यानं म्हणायचा खेळ केला होता. खऱ्या रस्त्यावर मात्र हा सराव करू नका. कोल्हापुरात आधी उजवीकडेच बघायचं.

दुसरा सराव रंकाळ्याच्या काठानं करता येतो. संध्याकाळी सगळ्यांनी हातात हात धरून, आजी-आजोबांच्या चालीनं, मध्ये न थांबता, न बोलता पाचशे पावलं चालायचं. हे सोपं वाटतं, पण मुलं पुढं ओढतात, कुणीतरी फोन काढतं, कुणीतरी कणसाच्या गाडीकडे वळतं. सगळ्यांचं पाऊल एकत्र पडायला वेळ लागतो, आणि तिथं नेमकं हेच लागणार आहे.

पायातलं बदला. कोल्हापुरी चप्पल आपल्या मायेची असली, तरी तिचा कातडी तळ ओल्या फरशीवर घसरतो आणि टाच मोकळी असल्यानं पाऊल भरभर उचलता येत नाही. मागं पट्टा असलेली, रबरी तळाची सँडल घ्या. साडी नेसणाऱ्यांनी ती घोट्याच्या थोडी वर खोचावी. लहान मुलाची ढकलगाडी नेऊच नका. तिथल्या फुटपाथवर ती चार पावलंही धड चालत नाही, आणि रस्त्यात ढकलली तर मूल तुमच्याही पुढं गाड्यांत जातं. कडेवर घ्या किंवा छातीशी बांधायची झोळी घ्या.

फोनमध्ये ग्रॅबचं, म्हणजे टॅक्सी बोलावण्याचं, ॲप इथूनच घालून, आपल्या नंबरवर आलेला ओटीपी टाकून चालू करून ठेवा. तिथं गेल्यावर सिमकार्ड बदललं की ओटीपीसाठी अडकायला होतं. हॉटेलचं नाव आणि पत्ता व्हिएतनामी भाषेत छापून प्रत्येकाच्या खिशात एकेक कागद द्या, मुलांच्याही. आणि प्रवासविमा घ्या. त्यात रस्त्यावरच्या अपघाताचं कलम काय म्हणतं, ते एजंटाला न विचारता स्वतः वाचा.

विमानतळावरून हॉटेलपर्यंत

नोई बाई विमानतळ गावापासून साधारण तीस किलोमीटरवर आहे. जुन्या गावाकडे ८६ नंबरची बस जाते आणि ती चांगली आहे. पण पहिल्याच दिवशी, बॅगा आणि थकलेली म्हातारी माणसं घेऊन, मी तरी टॅक्सीच घेईन. पाच माणसं आणि सामान असेल तर ॲपमध्ये सात आसनी गाडी निवडा. बाहेर "टॅक्सी, टॅक्सी" करत हात धरणाऱ्यांच्या मागं जाऊ नका.

गाडी ओळखायची ती पाटीवरून. आपल्याकडे एमएच ०९ म्हटलं की कोल्हापूर, तसं तिथं पाटीच्या सुरुवातीला २९ किंवा ३० दिसलं की हनोई. भाड्याच्या गाडीची पाटी आपल्यासारखीच पिवळी, काळ्या अक्षरांची. ॲपवरचा नंबर आणि पाटी जुळल्याशिवाय दार उघडू नका.

मीटरची टॅक्सी घेतलीत तर दोन गोष्टी कळायला हव्यात. मीटरवर हजाराची शून्यं बहुतेक वेळा गाळलेली असतात; ४५.० दिसलं तर ते पंचेचाळीस हजार डाँग, म्हणजे तिथलं चलन. ऐकून छातीत धस्स होतं, पण रुपयाला तीनशेच्या आसपास डाँग मिळतात, म्हणजे हे दीडशे रुपये झाले. दुसरं, वीस हजाराची आणि पाच लाखाची नोट दोन्ही निळ्या. रात्री गाडीतल्या अंधुक उजेडात हमखास गल्लत होते. पाच लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि टॅक्सीचे सुटे पैसे आधीच हातात काढून बसा.

आता उतरण्याचं. याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जपायची जागा हीच आहे. आपल्याकडे गाडी डाव्या कडेला लागते, म्हणून आपण डाव्या दारानं उतरतो. तिथं गाडी उजव्या कडेला लागते. डावं दार उघडलं तर ते थेट धावत्या दुचाकींमध्ये उघडतं. बसतानाच मुलांना आणि आजीला उजव्या अंगाला आणि मध्ये बसवा. डाव्या दाराशी एक जाणता माणूस बसवा आणि त्यानं उतरताना सरकत उजवीकडूनच बाहेर यावं. "दाराला हात लावायचा नाही, मी सांगेपर्यंत," हे वाक्य प्रत्येक फेरीला म्हणा. मुलं कंटाळतील. कंटाळू द्या.

पहिली संध्याकाळ: नुसतं बघायचं

पोहोचल्या पोहोचल्या रस्ता ओलांडायला जाऊ नका. जुन्या गावात पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर कॉफीची दुकानं भरपूर आहेत. तिथल्या सज्जात तासभर बसा आणि खाली बघा. होआन किएम तळ्याच्या उत्तर टोकाला एक मोठा चौक आहे, पाच-सहा रस्ते येऊन मिळतात, तिथलं दृश्य सगळ्यात शिकवणारं आहे.

सुरुवातीला सगळा कल्लोळ दिसतो. एका गाडीवर नवरा-बायको आणि मध्ये मूल, दुसरीवर फुलांनी भरलेल्या टोपल्या, तिसरीवर काचेचं कपाट. मग हळूहळू त्यातली रीत दिसायला लागते. दुचाकीवाला थांबत नाही, पण वेगही फार नसतो. तो समोर बघतो, समोरचा माणूस पुढच्या क्षणी कुठं असेल याचा अंदाज बांधतो आणि बहुतेक वेळा त्याच्या पाठीमागून निघून जातो. हॉर्न वाजतो तो रागानं नव्हे, "मी इथं आहे" एवढं सांगायला. डोक्यावर हेल्मेट जवळपास प्रत्येकाच्या. २००७ च्या डिसेंबरपासून ते सक्तीचं आहे आणि लोक ते पाळतात. आमचा थोरला हे बघून बराच वेळ गप्प होता. कोल्हापुरात हेल्मेट डिकीत ठेवून फिरणाऱ्या आपल्या सगळ्यांना हे बघण्यासारखं आहे.

स्थानिक म्हातारी माणसं रस्ता कशी ओलांडतात, त्यावर खास नजर ठेवा. कुणीही पळत नाही.

प्रत्यक्ष ओलांडणं

जागा निवडा. वळणावर नको, उभ्या ट्रकच्या आडून नको. दोन्ही बाजूंना लांबवर दिसेल अशी सरळ जागा हवी. झेब्रा पट्टे असतील तर तिथूनच जा. पट्टे बघून गाडी थांबेल असं समजू नका, पण तिथं माणूस येणार हे चालवणाऱ्याच्या मनात असतं. जवळपास पादचारी पूल असेल तर जिने चढायचा कंटाळा करू नका.

मग चारचाकी जाऊ द्या. हा नियम पक्का धरा. दुचाकी तुम्हाला चुकवू शकते. बस, ट्रक आणि मोटारीला तेवढी जागाच नसते. जवळच्या बाजूला फक्त दुचाकी उरल्या की निघायचं.

उभं कसं राहायचं? आपण घरची माणसं एकामागं एक साखळी करून निघतो, पुढं बाबा, मागं आई, मध्ये मुलं. तिथं ही साखळी रस्ताभर आडवी पसरते आणि दुचाकी तिच्या मधून जागा शोधायला लागतात. त्याऐवजी खांद्याला खांदा लावून, सगळ्यांची तोंडं पलीकडच्या फुटपाथकडे, असं उभं राहा. मग येणाऱ्या गाडीला फक्त टोकाचा माणूस दिसतो, बाकीचे त्याच्या आडोशाला. निम्म्या रस्त्यापर्यंत गाड्या डावीकडून येतात, पुढं उजवीकडून. म्हणून दोन्ही टोकांना धडधाकट माणसं, मध्ये मुलं आणि आजी. हात घट्ट धरलेले. बोटं नव्हे, मनगट धरायचं.

आणि चाल. संथ, एकसारखी, आजीच्या पायाची. आमच्या घरात पहिल्यांदा सगळ्यात सहज रस्ता पार केला तो सासूबाईंनीच. गुडघ्यामुळे त्यांना पळता येत नाही, मागं वळता येत नाही, त्या आपल्या एका लयीत चालत राहतात. दुचाकीवाल्याला नेमकं हेच हवं असतं. तुम्ही पुढच्या सेकंदाला कुठं असणार, हे त्याला कळलं की तो आपली वाट ठरवतो. तुम्ही एकदम थबकलात, पळालात किंवा मागं सरलात की त्यानं ठरवलेली वाट बंद होते आणि तो जिथून जायला निघाला होता तिथंच तुम्ही येता. लग्नाच्या पंगतीत वाढपी आमटीची बादली घेऊन पळत असतो. सरळ चालत गेलेल्या माणसाला तो बरोबर चुकवतो, पण कुणी मध्येच थबकून मागं वळलं की आमटी सांडते. अगदी तसंच.

म्हणून, निघालात की निघालात. येणाऱ्यांकडे बघत राहा. एक हात कमरेच्या उंचीवर, तळवा त्यांच्याकडे, एवढी खूण पुरे. भीती वाटली तर पाऊल लहान करा, पण पडत राहू द्या. मध्येच चारचाकी आली तर मात्र आहात तिथं स्तब्ध उभं राहा, ती जाऊ द्या, मग पुढं. मागं यायचं नाही, कशानंही. रस्त्यात फोन नाही, फोटो नाही, हातातलं काही पडलं तर वाकायचं नाही.

कानांवर विसंबू नका. विजेवरच्या स्कूटर खूप झाल्या आहेत आणि त्या आवाज न करता शेजारी येऊन ठेपतात. एकेरी रस्ता असला तरी दोन्हीकडे बघा. कडेकडेनं उलटं येणारे तिथंही आहेत.

पहिल्यांदा लहानशा गल्लीत करा. मग मधल्या रस्त्यावर. तळ्याकाठचा मोठा रस्ता दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसहा या वेळा टाळल्यात तर निम्मा त्रास वाचतो.

कुणाची छाती धडधडत असेल तर त्याला हसू नका. भीती रास्त आहे. सरळ एखाद्या स्थानिक माणसाच्या शेजारी उभं राहा, गाड्या येतात त्याच्या उलट्या बाजूला, आणि त्याच्याबरोबर चालायला लागा. बाजारातून परतणाऱ्या एका आजींनी सासूबाईंचा हात स्वतःहून धरून त्यांना पलीकडे नेलं होतं. भाषा दोघींपैकी एकीलाही कळत नव्हती.

सिग्नलपाशी

जुनी माहिती वाचून लोक सांगतात की तिथं सिग्नल कुणी पाळत नाही. आता तसं राहिलेलं नाही. १ जानेवारी २०२५ पासून दंड फार वाढला आहे. लाल दिवा तोडणाऱ्या दुचाकीला ४० ते ६० लाख डाँग, म्हणजे साधारण तेरा हजार रुपयांपासून पुढं. त्यामुळे मोठ्या चौकांत लोक थांबतात, आणि नवख्यांनी सिग्नल असलेल्या चौकातूनच ओलांडावं असं माझं मत आहे. पायी चालणाऱ्यालाही नियम मोडल्याचा दंड आहे, हे ध्यानात ठेवा.

एक मेख आहे. तुमचा दिवा हिरवा असतानाही शेजारच्या रस्त्यावरून उजवीकडे वळणाऱ्या गाड्या तुमच्या वाटेवर येतात. आपल्याकडे डावीकडे वळणारे सिग्नलला जुमानत नाहीत, त्याचीच ही उलटी बाजू समजा. हिरवा दिसला म्हणून मान खाली घालून चालू नका.

फुटपाथ आणि मोकळी वाट

फुटपाथवर दुचाकी ओळीनं लावलेल्या असतात, त्यांच्या पुढं छोट्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर माणसं जेवत असतात. चालायला रस्त्याची कड उरते. तिथून चालताना अगदी उजव्या कडेला धरून चाला, तिथला नियम तसाच आहे. पर्स रस्त्याच्या विरुद्ध खांद्याला. गर्दीच्या वेळी दुचाकी फुटपाथवरही चढतात, तेव्हा तिथंही मुलाचं मनगट सोडायचं नाही.

शक्य असेल तर सहलीची आखणी अशी करा की पहिला मुक्काम शनिवार-रविवारी हनोईत पडेल. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात. तळं रंकाळ्यापेक्षा कितीतरी लहान आहे, आजीलाही सावकाश फेरी घालता येते. मुलं डांबरी रस्त्यावर मनसोक्त धावतात आणि आईबापाच्या जिवाला घटकाभर स्वस्थता मिळते. फक्त हॉटेल या पट्ट्यात असेल तर टॅक्सी दारापर्यंत येणार नाही, बॅगा ओढत जावं लागेल. आधी विचारून घ्या.

पावसाचे महिने मे ते सप्टेंबर. तेव्हा छत्री उघडून रस्ता ओलांडू नका, तिच्याआड डावी-उजवी काहीच दिसत नाही. अंगावर घालायचा रेनकोट बरा, तोही भडक रंगाचा. हिवाळ्यात हवेत धूर फार साठतो. दमा असणाऱ्यांनी मास्क आणि आपला पंप जवळ ठेवावा.

भाड्याची दुचाकी घेऊ नका

इथं मी कुणाचं ऐकणार नाही. कोल्हापूरची पोरं गाडीवरच वाढलेली, हात शिवशिवणारच. दुकानदार पासपोर्टची झेरॉक्स घेऊन किल्ली देतोही. पण आपल्या आरटीओतून मिळणारं आंतरराष्ट्रीय परमिट १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचं आहे आणि व्हिएतनाम मानतो १९६८ चा व्हिएन्ना करार. म्हणजे तुमच्या हातात कागद असूनही तिथल्या कायद्यानं तुम्ही बिनपरवाना. अपघात झाला की विमा कंपनी इथंच हात वर करू शकते. शिवाय दारू पिऊन चालवण्याला तिथं कसलीही सूट नाही, एक बिअरसुद्धा चालत नाही. घरात कर्ता माणूस असेल तर त्याला हे निघण्याआधीच सांगा, हॉटेलच्या दारात वाद नको.

दुचाकीची हौस असेल तर ॲपवरून मोटारसायकल बोलावून मागं बसता येतं, हेल्मेट चालकच देतो. पण मोठ्यांनी. मुलांना त्यावर बसवू नका.

काही बिनसलं तर

पोलिसांसाठी ११३, रुग्णवाहिकेसाठी ११५. हे दोन आकडे हॉटेलच्या पत्त्याच्या कागदावरच लिहून ठेवा. फोनवर भाषा अडेल, म्हणून शेजारच्या दुकानदाराला किंवा हॉटेलच्या माणसाला बोलायला लावा. माणसं चुकामूक झाली तर काय करायचं तेही आधी ठरवा. आमचं ठरलं होतं असं: जो ज्या बाजूला राहिला त्यानं तिथंच उभं राहायचं, रस्ता ओलांडून यायचं नाही, मोठा माणूस परत येईल. मुलांना हे पाठ हवं, कारण पलीकडे आई दिसली की मूल धावतंच.

परत आल्यावर

चार-सहा दिवसांत मान आधी डावीकडे वळायला लागते. ती सवय घेऊनच माणूस मुंबईला उतरतो, रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं कोल्हापूर गाठतो आणि स्टेशनबाहेर रिक्षा बघायला रस्त्यात उतरतो. तिथं गाड्या उजवीकडून येत असतात. शिवाय हनोईतली संथ चाल इथं चालत नाही. आपल्याकडच्या दुचाकीवाल्याला समोरच्यानं थांबावं असंच वाटत असतं आणि वेगही जास्त असतो. म्हणून विमानातून उतरण्याआधीच मुलांशी पुन्हा तोच खेळ सुरू करा, या वेळी "आधी उजवीकडे". शाळेत एकटी जाणारी मुलं असतील तर पहिले दोन-तीन दिवस त्यांना सोडायला स्वतः जा.